मुदतीबाहेरची तारा

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी उभं राहून कथा ऐकू नये. अर्धी वाऱ्यावर जाते आणि उरलेली अर्धी चपलांवर लक्ष ठेवण्यात. मांडी घाला. दत्तोपंत कसे गेले, शेवटच्या दिवशी सलाइनच्या बाटलीवरची तारीख त्यांनी नर्सकडून कशी मोठ्यानं वाचून घेतली, ते मागं सांगून झालंय. आज त्यांच्या वर्षश्राद्धाची गोष्ट सांगतो. हिच्यात कीर्तन आहे, आणि ज्या गोष्टीत कीर्तन असतं ती ऐकताना माझ्यासारख्याला तरी भूक लागत नाही.

दत्तोपंत म्हणजे घरातले अण्णा. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तेहतीस वर्षं काढून उपकुलसचिव म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे त्यांनी विद्यापीठात जाणं थांबवलं एवढंच. कचेरी सोबत हिंगोलीला घेऊन आले. पुढची बत्तीस वर्षं गावाची सेवा केली ती आवक-जावक रजिस्टर ठेवून. रक्तदान शिबिरं भरवली. बेवारस मेलेल्यांना अग्नी दिला, आणि त्या प्रत्येकाच्या नावाच्या रकान्यात 'नाव अज्ञात' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले त्यांच्या घरी जाऊन भरून दिले. स्मशानभूमीत चाळीस कडुलिंब लावले तेही क्रमांक घालून. सतरा नंबरचा कडुलिंब शेळीनं खाल्ला, तेव्हा शेळीच्या मालकाला नोटीस गेली आणि रजिस्टरात शेरा पडला: 'क्र. १७ सेवनामुळे नष्ट'. त्या जागी आज जे झाड आहे त्याचा नंबर सतरा-अ आहे. जाऊन बघा.

कीर्तनाला अण्णा पहिल्या रांगेत असत, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवून. महाराज रंगात आले की टाळकऱ्याच्या हाती चिठ्ठी येई: 'निर्धारित वेळेपेक्षा सहा मिनिटे अधिक'. जवळच्या गोरेगावच्या संतराम महाराजांकडं अशा एकवीस चिठ्ठ्या आहेत. त्यांनी त्या पोथीत खुणेला ठेवल्या आहेत. असा हा माणूस. मला विचाराल तर देवानं अशी माणसं जपून घडवावीत आणि थोडीच घडवावीत.

त्यांच्याबद्दल जिल्ह्यात एक गोष्ट सांगतात. लेकीचा फॉर्म. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा परीक्षेचा फॉर्म, अंतिम तारीख गुरुवार, फॉर्म टेबलावर आला शुक्रवारी. सगळी कचेरी म्हणाली, साहेब, घरचंच लेकरू आहे, घ्या. साहेब म्हणाले, नियमाला लेक नसते. फॉर्मवर शिक्का पडला आणि लेकीचं वर्ष गेलं. ही गोष्ट त्यांच्या निरोप समारंभात सांगितली गेली, पंचाहत्तरीला सांगितली गेली, दहाव्याच्या दिवशी घाटावर सांगितली गेली. ऐकणारे मान डोलवत आणि मग लेकीकडं बघून हसत. वाईट हसत नसत. आळशी पोरीकडं बघून माणूस जसं हसतं तसं.

ती लेक म्हणजे तारा. आता चौसष्ट वर्षांची, आखाडा बाळापूरला दिलेली. वर्षश्राद्ध शनिवारी होतं. ती शुक्रवारी सकाळीच पहिल्या गाडीनं येऊन बसली होती.

"आली का ग?" आशाआत्या खाटेवरून म्हणाल्या. अण्णांची धाकटी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, दात सगळे गेलेले, जीभ शाबूत. "मला वाटलं आमची तारा उद्या श्राद्ध झाल्यावर येती."

"कालच्या गाडीला जागा नव्हती आत्या, न्हाईतर कालच आले असते," तारा म्हणाली आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. आयुष्यभर ती प्रत्येक ठिकाणी आधी पोचत आली होती. लग्नांत मांडव घालणाऱ्यांच्या आधी, दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी. कोणी ते मोजलं नव्हतं.

*

शनिवारी दुपारी श्राद्धाची पानं उठली आणि नागनाथनं खोका फोडला. नागनाथ म्हणजे अण्णांचा मुलगा, ताराहून तीन वर्षांनी लहान, पंचायत समितीतून अधीक्षक होऊन निवृत्त. खोक्यात स्मरणिकेच्या तीनशे प्रती होत्या. वर अण्णांचा फोटो, खाली 'कर्तव्यमूर्ती'. नगरपालिकेचे दोन सदस्य कीर्तनाला येणार होते, आणि कोपऱ्यावरच्या चौकाला अण्णांचं नाव द्यायचा विषय त्यांच्या हातात होता.

"पान चार वाच, ताई. तुझं नाव छापलंय," नागनाथ कौतुकानं म्हणाला.

तारानं चष्मा लावला. पान चारवर मथळा होता: 'पोटच्या मुलीचा उशिरा आलेला अर्ज नाकारणारा निःस्पृह अधिकारी'.

"नागू, हे काढता येत न्हाई का?"

"काढायचं? काहून?"

"असंच. दुसरं किती आहे अण्णांचं. बेवारस माणसं आहेत, झाडं आहेत. हे एक नको."

"अगं, हेच तर मेन आहे. संतराम महाराजांना मी हेच आख्यान लावायला सांगितलंय. रेकॉर्डिंग होऊन राहिलंय. जन्मभर राहील."

"म्हणूनच म्हणते."

नागनाथला खरंच कळेना. आपल्या बहिणीचं नाव छापून आलं, तेही वडिलांच्या नावाशेजारी. त्याचं स्वतःचं नाव फक्त 'शब्दांकन' पुढं होतं. अण्णांनी कधी त्याचा फॉर्म नाकारला नव्हता. त्याला त्याबद्दल आतून थोडं कमीपण वाटत असे.

"ताई, पंचेचाळीस वर्षं झाली. एक दिवस उशीर झाला, झाला. लोकं तुला नावं ठेवत न्हाईत. त्यात अण्णांचा मोठेपणा आहे."

"तिला पहिल्यापासून वेळेचं भान न्हाई," आशाआत्या खाटेवरून म्हणाल्या. "जन्मली तीच बारा दिवस उशिरा."

स्मरणिका मिटून तारानं खोक्यात ठेवली, सरळ, कडेला कड लावून, आणि भांडी घासायला गेली.

*

नीलांबरी तिच्या मागं गेली. नागनाथची बायको. शेवटची सहा वर्षं अण्णांचं सगळं तिनंच केलं होतं, आणि प्रत्येक औषधाच्या गोळीमागं 'दिली' म्हणून सहीसुद्धा. नवऱ्याच्या स्मरणिकेचं शुद्धलेखन तिनंच तपासलं होतं; त्यामुळं ती आज त्याच्या बाजूची होती.

"वन्सं, इतकं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तेव्हा वीस वर्षांच्या होतात. विसरतं माणूस."

तारानं पातेलं उपडं ठेवलं. "मी विसरले नव्हते, नीला."

"मग?"

"मी फॉर्म रविवारी दिला होता. अण्णा शनिवारी-रविवारी घरी यायचे, सोमवारी पहाटे परत जायचे. मी बाहेरून परीक्षा द्यायची, फॉर्म थेट विद्यापीठात जायचा. रविवारी जेवण झाल्यावर त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, एक वेलांटी सुधारली, पिशवीत ठेवला. चार दिवस आधी."

नळ चालू होता. नीलांबरीनं तो बंद केला.

"आणि मग?"

"मग शुक्रवारी शिक्का पडला. शनिवारी येऊन मला म्हणाले, मुदतीनंतर प्राप्त झाला. मी म्हटलं, अण्णा, तुमच्याकडंच तर होता. ते जेवत होते. जेवत राहिले." तारानं पुढचं पातेलं घेतलं. "उन्हाळ्यात लग्न झालं. पुढची तीन वर्षं बाळापूरला पोस्टानं कोरा फॉर्म यायचा. पत्र न्हाई, काही न्हाई, फॉर्म. अंतिम तारखेखाली लाल रेघ. सासूबाई त्याच्यावर कुरडया वाळवायच्या."

"तुम्ही कुणाला सांगितलं काहून न्हाई?"

"कुणाला सांगू? आधी आईला सांगितलं. ती म्हणाली, बापाला खोटं पाडू नको. मग ती गोष्ट इतकी मोठी झाली की तिच्यापुढं मीच खोटी वाटायला लागले."

नीलांबरीनं हात पुसले. तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली. मामंजींनी आयुष्यात कागद फाडला नव्हता. भाजीवाल्याची चिठ्ठीसुद्धा.

अण्णांच्या लोखंडी कपाटात एकशे बारा नस्त्या, म्हणजे फाइली, होत्या आणि एकशे तेराव्या वहीत त्यांची यादी. यादी अक्षरवारीनं. 'त' खाली तिसरी ओळ: तारा, परीक्षा अर्ज, १९८१, प्रकरण बंद.

*

नस्तीत फॉर्म होता. ताराचं वीस वर्षांचं अक्षर, डाव्या बाजूला झुकलेलं. त्यावर शिक्का: 'मुदतीनंतर प्राप्त'. त्याखाली अण्णांच्या हातचे तीन कागद टाचणीनं लावलेले. नीलांबरीनं ते बैठकीत आणून सगळ्यांसमोर वाचले, उभं राहून, कारण बसून वाचवेना.

पहिला कागद नोटीस होता. अण्णांनी अण्णांना दिलेली. 'सदर अर्ज अर्जदाराने रविवारी आपल्या हाती दिला होता. तो शुक्रवारी आपल्या कापडी पिशवीत, रक्तदात्यांच्या यादीखाली आढळून आला. विलंबास अर्जदार जबाबदार नाही. आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

दुसरा कागद खुलासा. 'बुधवार व गुरुवारी रक्तदान शिबिराच्या कामात असल्याने विस्मरण झाले. चूक मान्य आहे.' तारीख तिसऱ्या दिवसाची. म्हणजे मुदतीत.

तिसरा कागद: 'खुलासा वाचला. समाधानकारक नाही. तथापि ही पहिलीच चूक असल्याने सक्त ताकीद देऊन प्रकरण बंद करण्यात येत आहे.' खाली सही. सहीखाली एक ओळ होती, 'प्रत: अर्जदारास माहितीसाठी', आणि ती ओळ लाल शाईनं खोडलेली होती. नीट, पट्टी लावून.

पहिल्यांदा नागनाथ बोलला.

"हे बाहेर जाता कामा नये. सदस्य येऊन राहिलेत चार वाजता. अण्णांची बदनामी होईल."

"आणि वन्संची जी झाली ती?" नीलांबरी म्हणाली. मघाशी ती नवऱ्याच्या बाजूची होती, हे आठवून नागनाथनं तिच्याकडं पाहिलं. आता ती त्या बाजूला उरली नव्हती.

मग आशाआत्या खाटेवर उठून बसल्या. "थांब रे नाग्या. परत वाच ते. स्वतःलाच नोटीस दिली माझ्या भावानं?"

"दिली."

"आणि स्वतःलाच ताकीद?"

"सक्त."

"अरे मग बदनामी कशाची? असा माणूस दाखव मला हिंगोली जिल्ह्यात. परभणीत दाखव. लेकीला सोडलं न्हाई आणि सोताला बी सोडलं न्हाई. हा तर देवमाणूस."

नागनाथचा चेहरा हळूहळू उजळला. हे त्याला सुचलं नव्हतं. स्वतःविरुद्ध चौकशी करणारा अधिकारी. पान चार फाडून टाकायची गरज नव्हती. त्यात एक पुरवणी जोडली की झालं. "नीला, पेन दे," तो म्हणाला. "मथळा असा करू: 'स्वतःवरही कारवाई करणारे'. ताई, बघ, किती सुरेख जमतंय. आता तुला काही हरकत न्हाई ना?"

तारा दाराच्या चौकटीत उभी होती, ओल्या हातांनी. पंचेचाळीस वर्षं तिनं मनात धरलेली एकच गोष्ट आज कागदावर निघाली होती, आणि अर्ध्या मिनिटात ती पुन्हा अण्णांची झाली होती.

"माझी हरकत असून काय उपयोग," ती म्हणाली. "तुमी त्यांना देव म्हणा. मी बी म्हणते. मला फक्त कुणीतरी एकदा म्हणावं, की तारानं वेळेत दिला होता."

"ते त्यात आलंच की," नागनाथ लिहिता लिहिता म्हणाला.

*

संतराम महाराज तीन वाजता जीपमधून उतरले. सोयाबीन काढणी चालू होती, तसेच शेतातून हातपाय धुऊन आले होते. फेटा पिशवीत होता. नागनाथनं त्यांना तिन्ही कागद दाखवले, नवा मथळा ऐकवला आणि कीर्तनात तो कुठं बसवायचा तेही सांगितलं. महाराजांनी कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचले. चिठ्ठ्यांमुळं ते अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं.

"ही लाल रेघ कशाची?"

"ती प्रत ताईला पाठवायची होती. मग न्हाई पाठवली."

"हं," महाराज म्हणाले. "अक्का कुठं हायेत?"

तारा मंडपात होती. कीर्तन चारला होतं आणि सव्वातीनला ती बायकांच्या बाजूला एकटी बसली होती. महाराज तिच्यासमोर सतरंजीवर टेकले.

"अक्का, मी कीर्तनकार माणूस. लोकं मला सांगतात ते मी सांगतो. हे तुमच्या भावानं सांगितलं. तुमी काय सांगता?"

"तुमी सांगाल ते बराबर सांगाल, महाराज."

"ते न्हाई इचारलं. उभं राहाल का, मी हाक मारली तर?"

तारानं पदर सावरला. "मला लोकांत बोलायची सवय न्हाई."

"चार शब्दच लागतील."

ती बराच वेळ सतरंजीची दशी ओढत बसली. मग तिनं मान हलवली. हो की नाही ते महाराजांनाही नीट कळलं नाही.

*

आता इथं मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण ते कीर्तन मी समोर बसून ऐकलंय आणि अजून माझ्या कानात आहे. मारुतीच्या देवळापुढचा मंडप भरला होता. परीक्षा विभागातले सहा निवृत्त लोक एका रांगेत, सेवाज्येष्ठतेनं बसलेले. नगरपालिकेचे सदस्य पुढं. पखवाज असा बोलत होता की मारुतीच्या शेंदराला घाम फुटावा. महाराजांनी नामाचा गजर केला, अण्णांची सेवा गायली. बेवारस माणसाला खांदा देणारा हा त्याचा कोण होता, असं विचारलं तेव्हा आमच्या ओळीत कोणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. कडुलिंब नंबर सतरा-अ सांगितला तेव्हा मंडप हसून लोळला.

मग ते फॉर्मवर आले. सगळ्यांना पाठ होती ती गोष्ट. माना आधीच डोलायला लागल्या होत्या. महाराजांनी नोटिशीचं सांगितलं. निवृत्त मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. नागनाथ ताठ बसला. त्याचा मथळा येणार होता.

"नोटीस कुणी दिली?" महाराजांनी विचारलं.

"साहेबांनी," मंडप म्हणाला.

"कुणाला?"

"साहेबांना."

"खुलासा कुणी लिवला?"

"साहेबांनी."

"वाचला कुणी?"

"साहेबांनी." लोक हसत होते. सदस्यसुद्धा.

"ताकीद दिली साहेबांनी, घेतली साहेबांनी, कागद बंद केला साहेबांनी. लई न्यायी माणूस. माझ्या एकवीस चुका त्यांनी लेखी कळवल्यात, मी त्यांच्या पाया पडतो." महाराजांनी खरंच हात जोडले, फोटोकडं. टाळ थांबले. "पण मायबापहो, एवढ्या कागदात लेकरू कुठंय? जिचं वरीस गेलं, तिला कुणी काय कळवलं?"

महाराज बायकांच्या बाजूला वळले.

"ताराअक्का. फॉर्म कवा दिला व्हता?"

सगळ्या बायका मागं वळल्या. तारा पहिल्याच रांगेत होती, त्यामुळं त्यांना पुन्हा पुढं वळावं लागलं. ती लगेच उठली नाही. नीलांबरीनं तिच्या कोपराला हात लावला, उठवायला नाही, नुसता लावला. मग तारा उभी राहिली. आवाज तिला वाटलं होतं त्याहून मोठा आला.

"रविवारी दिला होता. गुरुवारची मुदत होती."

एवढंच. ती खाली बसली.

निवृत्त लोकांच्या रांगेत शेवटी बसलेला हिरासिंग, त्या काळचा शिपाई, काठीवर जोर देऊन उठला. "शिक्का मी मारला होता, बाईसाहेब," तो म्हणाला. "साहेब म्हणाले मार, मी मारला. पंचेचाळीस वर्षं मीच ती गोष्ट सांगत फिरलो. मला ठाऊक नव्हतं." आणि त्यानं सगळ्या मंडपादेखत, मारुतीकडं पाठ करून, तारापुढं हात जोडले.

आशाआत्या बसल्या जागी म्हणाल्या, माइक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी काय म्हणत व्हते, आमची तारा लई टापटिपीची. पहिल्यापासून."

महाराजांनी बुक्का घेतला. रीत अशी की आधी घरच्या कर्त्या पुरुषाला लावायचा. नागनाथ उठून अर्धा पुढं आला होता. महाराज त्याच्या बाजूनं गेले आणि ताराच्या कपाळाला लावला.

*

महाप्रसादाच्या पंगती बसल्या तेव्हा नागनाथ जेवायला आला नाही. सदस्य बुंदी खाऊन गेले. चौकाचं काय, ते त्यानं विचारलं नाही. नीलांबरी त्याला शोधत देवळाच्या मागच्या खोलीत गेली. तो खोक्याजवळ मांडी घालून बसला होता. एकेक प्रत काढायची, पान चार उघडायचं, 'उशिरा आलेला' हे शब्द पट्टी लावून खोडायचे, वर 'वेळेत दिलेला' लिहायचं, आणि समासात सही, तारीख.

"तीनशे आहेत," नीलांबरी म्हणाली.

"अडतीस झाल्या."

"आणि मग मथळा काय राहतो? 'पोटच्या मुलीचा वेळेत दिलेला अर्ज नाकारणारा निःस्पृह अधिकारी'. हे वाचून लोकं काय म्हणतील अण्णांना?"

नागनाथनं पट्टी बाजूला ठेवली. त्याच्या बोटांना शाई लागली होती. "म्हणू दे," तो म्हणाला. "माझ्या बहिणीला म्हणून झालं ना इतकी वर्षं." आणि पुढची प्रत उघडली.

नीलांबरीनं त्याचं ताट तिथंच आणलं. थोड्या वेळानं तारा आली, भावासमोर बसली आणि प्रती उघडून पुढं सरकवायला लागली. तो खोडत होता, ती वाळवत होती.

अण्णा माझेही होते. माझ्या बापाचा हयातीचा दाखला त्यांनीच भरला, त्यांचं ऋण मी मानतो. पण त्यांची आठवण ठेवायला झाडं आहेत, शिबिरं आहेत, उद्या चौकसुद्धा होईल. तुम्ही एवढं करा. कधी आखाडा बाळापूरवरून जाणं झालं, किंवा संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना कोणाचं नाव सहज आठवायचं झालं, तर ताराबाईंची आठवण काढा. आणि कोणी ती जुनी गोष्ट तुमच्यापुढं सांगायला लागलं, तर त्याला मध्येच थांबवून सांगा, की तिनं फॉर्म रविवारीच दिला होता.